थांबा, विचारून सांगतो

"थांबा, विचारून सांगतो." भाऊंचं हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून कधीही ऐकू यायचं. फोन वाजायचा, भाऊ खुर्चीतून उठायचे, जिन्यात जायचे आणि तिथून हे वाक्य आत यायचं. मग दुसरा फोन लावायचे. "ताई, हाय का? बरं. ठेवून द्या मंग." मग पुन्हा पहिल्याला, "हाय. लवकर निघा. वाटेत कोठी थांबू नोका." आणि भाऊ येऊन खुर्चीवर बसायचे, जणू पाणी पिऊन आलेत.

तुम्ही असं बोलणं रोज ऐकलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं? आम्हाला वाटलं, भाऊ लग्नं जुळवतात.

आमचं ऑफिस म्हणजे गोंदियाच्या बाजारात, प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्या एका दुकानाच्या वरची खोली. आम्ही वेबसाइट बनवतो. राइस मिलवाले, कोचिंग क्लासवाले, मंगल कार्यालयवाले आमचे ग्राहक. मालकांना आम्ही भैयाच म्हणायचो. भैया हिंदीत विचार करायचे, हिंदीत ओरडायचे आणि हिंदीतच माफी मागायचे. पानं कशी दिसायला हवीत, कुठे कोणता रंग, कुठे कोणतं अक्षर, हे माझं काम. त्या पानांमध्ये खरी माहिती भरणारा प्रोग्राम लिहिणं हे भाऊंचं.

भाऊ वयाने माझ्याहून बरेच मोठे. आठवडाभर गोंदियालगत मुर्रीला एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी गावाला जायचे. गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. घर कोहळी लोकांचं, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. घरची थोडी धानाची शेती होती, ती वहिनी सांभाळायच्या.

मी नवीन असताना भाऊंनी मला पहिला धक्का दिला तो त्यांच्या भाषेचा. झाडीबोलीचा नव्हे, ती माझ्या आजोळची. प्रोग्रामच्या भाषेचा. गावातला प्रत्येक जण सोप्या, पटकन चालणाऱ्या भाषेत पानं बनवत असताना हा माणूस रस्टमध्ये लिहायचा. रस्ट ही मोठमोठ्या यंत्रणा चालवायची भाषा. त्यात पाच ओळींचं मंगल कार्यालयाचं पान लिहायचं म्हणजे खारीक फोडायला घण आणायचा, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले होते.

"तुमच्या त्या सोप्या भाषेत पान कवा तुटते?" भाऊंनी विचारलं.

"कधीतरी. चालताना."

"म्हणजे पाहणाऱ्याच्या डोऱ्यासमोर. माझं इथंच तुटते."

आता हे तुम्हालाही समजावून सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे. वेबच्या पानाचा एक साचा असतो, त्याला आम्ही टेम्प्लेट म्हणतो. त्यात रिकाम्या जागा असतात: इथे नाव, इथे भाव, इथे तारीख. सोप्या पद्धतीत कोणी पान उघडलं की त्या क्षणी जागा भरल्या जातात. एखादी गोष्ट सापडली नाही तर तिथे नुसती मोकळी जागा दिसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. भाऊंच्या पद्धतीत साचा आणि प्रोग्राम आधीच एकत्र दळून एक पक्की वस्तू तयार होते. त्याला कंपाइल करणं म्हणतात. दळताना यंत्र प्रत्येक जागा तपासतं. एकीचाही बंदोबस्त केलेला नसेल तर ते सरळ नाही म्हणतं. मग पान बनतच नाही.

आमचं मशीन जुनं. कंपाइलला वेळ लागायचा. तेव्हा भाऊ दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून जायचं, तेही बघायचे. माझा जीव टांगणीला लागायचा, कारण ग्राहक समोर बसलेला असायचा.

"भाऊ, भात शिजला का?"

"शिजन त सांगन."

"जरा हात तरी लावा ना."

"आता कायले हात लावू? आता त्याले पाहू द्या."

एकदा मी फारच वैतागले, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. गोष्ट म्हणजे काय, त्यांच्या घरची रीतच. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला घरातला मोठा माणूस हातात काडी घेऊन सगळी पार पायी फिरतो. खेकड्यांनी, उंदरांनी केलेली भोकं शोधतो. भोक दिसलं की आधी काडी घालायची, आत काही नाही याची खात्री करायची आणि मग चिखलाचा गोळा करून ते बुजवायचं. भाऊ म्हणायचे, "पाणी भरल्यावर भोक दिसते, पण तवा बुजवता येत नाई. हे मशीन माह्यासाठी पार फिरून रायलं, मॅडम. फिरू द्या."

त्यानंतर मी भात शिजला का विचारणं बंद केलं नाही, पण विचारताना हसू येऊ लागलं.

मग ते सापाचं काम आलं.

गावातल्या काही डॉक्टरांचा एक सेवाभावी गट होता. त्यांना एक साधं पान हवं होतं. जिल्ह्यातल्या कोणत्या आरोग्य केंद्रात आज साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन आहे, ते लोकांना मोबाइलवर दिसावं. केंद्रातून रोज सकाळी कोणीतरी एक मेसेज पाठवणार, आमचा प्रोग्राम तो वाचणार आणि पान ताजं होणार. धानाच्या भागात हे किती कामाचं, ते मी वेगळं सांगायला नको. भैयांनी हे काम पुण्य म्हणून घेतलं आणि मी रंग ठरवले. आहे असेल तर हिरवी पट्टी, नाही असेल तर करडी.

भाऊंनी माझं डिझाइन पाहिलं आणि विचारलं, "तिसरा पाट कोठी हाय?"

पाट म्हणजे तलावातून शेताकडे जाणारी पाण्याची वाट. प्रोग्राममध्ये जिथे जिथे वाटा फुटायच्या, तिथे भाऊ पाटच म्हणायचे.

"कोणता तिसरा? एकतर आहे, नाहीतर नाही."

"आन् मेसेजच आला नाई त?"

मी म्हटलं, मग कालचंच दाखवू. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या तलावालाच भोक पाडलंय. त्यांनी मला यंत्राकडूनच उत्तर दिलं. दोनच वाटा लिहून कंपाइल केलं. हात मांडीवर. यंत्र नाही म्हणालं. तिसऱ्या वाटेचं काय, ते सांगितल्याशिवाय पान बनणार नाही.

मग तिसरी पट्टी आली. लाल. तिच्यावर भाऊंनी लिहिलं, "आज कळलं नाही. फोन करा." खाली फोनचं बटण.

पहिल्या आठवड्यात अर्धं पान लाल दिसत होतं. केंद्रात माणसं कमी, कामं जास्त, मेसेज कोण पाठवणार! भैया डोक्याला हात लावून बसले. "अरे यार भाऊ, ये लाल-लाल क्या है? डॉक्टर लोग को दिखाना है. जहाँ पता नहीं, वहाँ खाली छोड़ दो."

"खाली नाई सोडत," भाऊ म्हणाले.

"क्यों?"

"खाली सोडलं त वाचणारा आपल्या मनानं भरते. साप चावलेला माणूस तिथं 'हाय' असंच भरन. आन् गाडी तिकडंच वळवन."

भैयांनी पान पुन्हा वरून खाली पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है, रहने दो लाल." भैयांशी वाद घालून जिंकलेला माणूस मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

प्रश्न राहिला फोनचा. 'फोन करा' म्हटलं तर कोणाला? बऱ्याच केंद्रांचे जुने फोन बंद पडलेले. भाऊंनी रजा घेऊन केंद्रांच्या चकरा मारल्या. तिथल्या सिस्टर मंडळींनी त्यांना आपापले मोबाइल नंबर दिले, पण अट घालून: हे पानावर टाकायचे नाहीत, टाकले तर दिवसभर लोक भलतंसलतं विचारत बसतील. तुम्ही विचारा, तुम्हाला सांगू. डॉक्टर म्हणाले, तूर्त कोणता तरी मदतीचा नंबर टाका, पुढे बघू. भाऊ म्हणाले, "टाकतो." कोणता, ते डॉक्टरांनी विचारलं नाही, भैयांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पानावर नंबर दिसत नव्हता, नुसतं बटण दिसत होतं. नंबर साच्यासकट त्या पक्क्या वस्तूत दळला गेला. आणि आम्ही कोणी ते बटण कधी दाबलं नाही. आम्हाला साप चावला नव्हता.

भाऊंचे जिन्यातले फोन त्यानंतर सुरू झाले. तुम्ही म्हणाल, मग तुला कळलं कसं नाही? नाही कळलं. पान तयार होऊन गेलं होतं आणि आम्ही पुढच्या राइस मिलला लागलो होतो. जेवायला बसलो की फोन यायचा. भाऊ डबा तसाच उघडा ठेवून जिन्यात जायचे. "कोणतं गाव? थांबा, विचारून सांगतो." परत येईपर्यंत त्यांची भाजी गार व्हायची. भैया डोळे मिचकावून म्हणायचे, "भाऊ का साइड धंदा जोरात है." मी म्हणायचे, धंदा कसला, पुण्य आहे, पोरीबाळींची लग्नं जुळताहेत.

एकदा मी त्यांना गंभीरपणे विचारलं, "भाऊ, माझ्या मावसबहिणीसाठी पण बघा ना जरा."

भाऊ ताडकन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "काऊन? काय झालं तिले? कोठी हाय ती?"

"काही झालं नाही हो. तिशी आली आता, म्हणून."

भाऊ हळूच खाली बसले, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "मॅडम, असं घाबरवत नोका जाऊ." हसून हसून माझी पुरेवाट झाली. लग्नाच्या नावाने एवढा घाबरणारा माणूस लग्नं जुळवतो, ही गंमत मी घरी जाऊनही सांगितली.

भाद्रपद लागला होता. भाऊंनी सगळ्यांना एका रविवारी गावाला जेवायला बोलावलं होतं. तलावातले मासे, घरचे तांदूळ. भैयांचं ऐनवेळी रद्द झालं. मी सकाळच्या गाडीने एकटीच गेले. भाऊ स्टेशनवर घ्यायला आले होते, मोटारसायकल घेऊन. घरी वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं. "बसा, मी चाह मांडतो," असं त्या म्हणाल्या. झाडीबोलीत बायकाही 'करतो', 'जातो' असंच बोलतात. मला ते ऐकून फार बरं वाटलं, आजोळी आल्यासारखं.

चहा झाल्यावर भाऊ म्हणाले, "चला, तुमाले आमचं कंपाइल दाखवतो."

आम्ही पारीवर गेलो. डावीकडे तलाव काठोकाठ, उजवीकडे खाली धान. ऊन स्वच्छ होतं. भाऊंच्या हातात काडी, वहिनी मागे टोपली घेऊन. भाऊ चालता चालता थांबायचे, वाकायचे, काडी घालायचे, कान देऊन ऐकायचे. बाजूचा चिखल उचलायचे, गोळा करायचे, भोकात दाबायचे आणि तळहाताने थापायचे. ऑफिसात संथ वाटणारा माणूस इथे किती चपळ होता! मी म्हटलं, "भाऊ, इथे तुम्ही मांडीवर हात ठेवून बसत नाही वाटतं."

"इथं मशीन मीच," ते म्हणाले.

पुढे एक भोक दिसलं. भाऊंनी काडी घातली, फिरवली, बाहेर काढली. आत काही नव्हतं. मी स्वतः पाहिलं, काही नव्हतं. चिखल घ्यायला त्यांनी शेजारच्या गवतात हात घातला.

मला आधी काही कळलंच नाही. भाऊंनी हात झटकला आणि ते मागे सरले. गवतातून एक जाड, तपकिरी, साखळीसारख्या ठिपक्यांचं काहीतरी सावकाश खाली उतरून धानात गेलं. घाई नव्हती त्याला. भाऊ म्हणाले, "घोणस," आणि खाली बसले.

भोक तपासलं होतं. साप भोकात नव्हताच. हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात म्हटलं असेल.

वहिनींनी टोपली टाकली. "मी जीप आणतो," एवढंच बोलून त्या पळत सुटल्या. भाऊ हात हलू न देता बसले होते. मनगटाजवळ दोन लहान लाल ठिपके. मला हुंदका येत होता आणि भाऊ मला सांगत होते, "धावाधाव करू नोका. बसा. मीबी बसतो."

मी मोबाइल काढला. आमचं पान उघडलं. माझे रंग, माझी अक्षरं. सगळ्यात जवळच्या केंद्रापुढे लाल पट्टी होती. आज कळलं नाही. फोन करा.

मी बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघताच फोन कानाला लावला.

भाऊंच्या खिशात फोन वाजला.

मला वाटलं, नेमका आत्ताच यांना कोणाचा तरी फोन आला. मी माझा फोन कानाला लावून उभी, पलीकडे घंटी जातेय आणि समोर भाऊंच्या शर्टाच्या खिशात तीच घंटी वाजतेय. मी फोन बंद केला. खिशातला आवाज थांबला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा खिसा वाजला. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात ज्याला विचारायचं त्या माणसालाच साप चावला होता आणि त्याच्या पलीकडे कोणी नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं.

भाऊंनी डाव्या हाताने फोन काढला, पडद्यावर माझं नाव पाहिलं आणि खरंच सांगते, ते हसले. थोडं लाजून हसले. चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसं.

"लागला ना? म्हणजे बटण चालून रायलं."

"तुमचा नंबर आहे हा? इतके दिवस?"

"दुसरा कोणाचा टाकू? तिथं काही टाकल्याशिवाय बनत नाई ना ते." आणि मग मला म्हणाले, जसं जिन्यात कोणालाही म्हणायचे तसं, "थांबा, विचारून सांगतो."

आणि त्यांनी विचारलं. सुजायला लागलेला उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने जवळच्या केंद्रातल्या सिस्टरना फोन लावला. "ताई, हाय का? … बरं. कवा संपलं? … बरं, बरं, तुमी काय करान." फोन ठेवला. दुसरीकडे लावला. "ताई, हाय का? ठेवून द्या मंग. माणूस येऊन रायला." कोणता माणूस, ते त्यांनी सांगितलं नाही. मग माझ्याकडे वळले. "हाय. पुढच्या केंद्रात हाय. लवकर निघू."

जीप आली. भाऊ स्वतः चालत जीपपर्यंत जाऊ लागले, आम्ही चालू दिलं नाही. वाटेत त्यांचा फोन परत वाजला. कोणी अनोळखी माणूस होता, घाबरलेला. वहिनींनी त्यांच्या हातातून फोन घेतला, नाव-गाव विचारलं आणि ज्या केंद्राकडे आम्ही निघालो होतो तिथलंच नाव सांगितलं. मी वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीच नवीन नव्हतं. भाऊ आंघोळीला गेले, शेतात गेले की घरी हा फोन त्याच घ्यायच्या, हे मला नंतर कळलं.

इंजेक्शन मिळालं. वेळेत मिळालं, डॉक्टरही तसंच म्हणाले. तिथून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. घोणशीचं विष मूत्रपिंडांवर जातं आणि इंजेक्शन मिळूनही कधी कधी उशीरच झालेला असतो, हे मला नागपूरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून कळलं. भाऊ तिथून परत आले नाहीत.

मी रडले नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. खरं होतं ते. मला सारखा त्यांच्या डब्याचा विचार यायचा, ते जिन्यात उभे असताना गार झालेल्या भाजीचा. आणि माझ्या मावसबहिणीचा. भाऊ ताडकन उभे राहिले होते, चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मी हसले होते. त्यांना वाटलं होतं, तिला साप चावला.

सगळं आटोपल्यावर ऑफिसात आले. भाऊंची खुर्ची भैयांनी भिंतीकडे सरकवून ठेवली होती. भैयांचे डोळे लाल होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, "वो नंबर तो निकालना पड़ेगा ना. लोग फोन करेंगे, कोई उठाएगा नहीं. वो तो और बुरा है."

बरोबर होतं. मी भाऊंचा प्रोग्राम उघडला. तिसरा पाट सापडला. तिथे त्यांचा नंबर होता, आजूबाजूला काही शेरा नाही, काही नाही. मी तो पुसला आणि कंपाइल केलं. विमान गेलं म्हणून मी खिडकीकडे पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की माझे दोन्ही हात मांडीवर आहेत.

यंत्र नाही म्हणालं. या जागेचं काय, ते सांगा.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बैठकीत ठरवू. भैयांकडे पाहिलं. "मेरा मत डालना यार," ते म्हणाले आणि लगेच मान खाली घातली. खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. मी माझा नंबर टाकायला घेतला. अर्धे आकडे लिहिले आणि थांबले. फोन मी उचलेन, पण पुढे कोणाला विचारेन? एकाही सिस्टरचं नाव मला माहीत नव्हतं. त्या चकरा भाऊंनी मारल्या होत्या, चपला भाऊंच्या झिजल्या होत्या.

मग मी भाऊंच्याच नंबरवर फोन लावला. का लावला, ठाऊक नाही. बंद आहे असं ऐकू आलं असतं तर कदाचित मी ती पट्टी मोकळी करायची काहीतरी युक्ती काढली असती.

घंटी गेली. उचलला गेला. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला.

"कोणतं गाव? थांबा, विचारून सांगतो."

वहिनी होत्या.

"बोला ना. कोणाले चावला? घाबरू नोका. माणसाले बसवून ठेवा, चालू देऊ नोका."

"वहिनी, मी आहे. ऑफिसातून."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "मॅडम होय," त्या म्हणाल्या. "नाव नाई पाहिलं मी. फोन आला की घेतो."

"वहिनी, तुमचा नंबर काढून टाकते त्या पानावरून. आता तुम्हाला कशाला हा ताप? एवढं सगळं झाल्यावर…"

"काढा ना," वहिनी म्हणाल्या. "मंग कोणाचा टाकान?"

मी पडद्यावरच्या अर्ध्या आकड्यांकडे पाहिलं.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

"मंग ठरेपर्यंत राहू द्या. ठेवतो मी, दुसरा फोन येऊन रायला."

फोन बंद झाला. मी पुसलेला नंबर एकेक आकडा बघून परत लिहिला आणि कंपाइल केलं. यावेळी यंत्र काही बोललं नाही. पान बनलं.

त्याला आता बरेच महिने झाले. लवकर येणारं हलकं धान कापून झालं, उशिराचं भारी कापून झालं, उन्हाळी धानाची रोवणीही झाली. अजून ठरलेलं नाही.